जुने बोलपट आणि घरचे परीक्षक

व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस इतिहासावर बोलावयास सांगितले, तेव्हा आम्ही देवगिरीच्या यादवांवर किंवा हैदराबाद मुक्तिसंग्रामावर बोलू, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही विषय कळविला तेव्हा एक चालक हसून म्हणाले, "सिनेमा पाहण्याला कसला आला इतिहास?" प्रश्न रास्त आहे. चित्रपट काढण्याला इतिहास आहे, हे आता सर्वांस मान्य झाले आहे. तोरण्यांचे 'श्री पुंडलिक' १९१२ चे, फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, 'प्रभात' १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि १९३३ साली पुण्यास गेली, 'अयोध्येचा राजा' १९३२ साली बोलू लागला. ही सनावळी आपल्यापैकी पुष्कळांना पाठ असेल. पण चित्रपट सुटल्यावर घराकडे चालणारा मनुष्य शेजाऱ्याला काय म्हणाला, त्याला तो बरा वाटला की पैसे फुकट गेले असे वाटले, याची बखर कोणी लिहिली नाही. आज आम्हांस त्या माणसाविषयी बोलावयाचे आहे. आणि विशेषतः जो जुना चित्रपट घरी बसून पाहतो आणि पाहून झाल्यावर त्याला गुण देतो, त्याच्याविषयी.

आरंभीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुण्यामुंबईच्या रसिकांस जुना चित्रपट ही एक हौस असते. नवा परवडतो, मिळतो, तरीही जुना पाहावयाचा. आमच्याकडे तसे कधीच नव्हते. आम्ही ज्या भागातून आलो, तो जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्याचा. महाकाळ्याजवळची अंकुशनगर ही समर्थ सहकारी साखर कारखान्याची वसाहत आमचे पुढचे गाव. अंकुशराव टोपे यांच्या नावाने ती ओळखली जाते. हा सगळा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मनमाडहून सिकंदराबादेस जाणारी आगगाडी जालन्यावरून जाई, आणि चित्रपटाच्या रिळांच्या पेट्या मोठ्या गावाच्या चित्रपटगृहात यावयाच्या त्या अशाच गाडीने. तेथून खेड्यापर्यंतची वाट मात्र लांब होती. शहरात चालून चालून जी प्रत झिजली, ती मग तंबूवाल्याच्या वाट्यास येई. म्हणजे आमच्या आजोबांनी पाहिलेला प्रत्येक चित्रपट जुनाच होता. नवा चित्रपट अशी काही वस्तू असते, हे त्यांना फक्त ऐकून ठाऊक होते.

हा तंबूतला सिनेमा ज्यांनी पाहिला आहे त्यांना वर्णन नको, पण तरुण श्रोत्यांसाठी दोन शब्द. पैठणची नाथषष्ठी, माळेगावची खंडोबाची यात्रा, अशा मोठ्या जत्रांत तंबू लागत. बसावयास जमीन; बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. बहुधा यंत्र एकच असल्याने रीळ बदलेपर्यंत अंधारात बसून राहावे लागे, आणि त्या मिनिटाभरात जी चर्चा चाले ती आजच्या कोणत्याही परीक्षणाहून स्पष्ट असे. आवडलेल्या गाण्याला पडद्यावर नाणी पडत. न आवडलेल्या प्रसंगाला माणसे उठून विडी ओढावयास बाहेर जात. फीत तुटली तर चालकाच्या सात पिढ्यांचा उद्धार होई. तंबूच्या सिनेमाचा अस्त होत असताना शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातील या फिरत्या मंडळींवर एक माहितीपट केला, तो २०१६ साली कान येथे गौरविला गेला. तंबूला परीक्षकांची दाद मिळाली ती अशी, तो उठण्याच्या बेतात असताना.

आता पाहा, १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला, हे आपण सर्वजण अभिमानाने सांगतो, आणि ते खरेही आहे. चित्रपटाच्या यशाचे ते मोजमाप झाले. पण तोच चित्रपट पुढे किती तंबूंतून फिरला, किती गावांत लोकांनी तो पुन्हा लावावयास लावला, याचा आकडा कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. शहराने दिलेले गुण वहीत चढले. खेड्याने दिलेले गुण धुळीबरोबर उडून गेले. इतिहासकाराला हे नवे नाही. ज्याच्या हाती लेखणी त्याचाच पुरावा उरतो.

गणेशोत्सवातला रस्त्यावरचा सिनेमा हा तंबू आणि घर यांच्यामधला टप्पा. दोन खांबांना पांढरे कापड बांधून त्यावर चित्र पाडीत, आणि समोरची जागा भरली की उरलेले लोक कापडाच्या मागे जाऊन बसत. मागून सगळे उलटे दिसे. अक्षरे उलटी, नायक डावखुरा. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ पुष्कळ वर्षांनी दूरचित्रवाणीवर एक जुना चित्रपट पाहताना म्हणाले, की तलवार याच्या डाव्या हातात हवी होती! त्यांनी तो चित्रपट लहानपणी मागच्या बाजूने पाहिला होता.

असो. दूरचित्रवाणी भारतात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीस सुरू झाली आणि मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजी आली. १९७५-७६ साली उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत संच बसवून जो प्रयोग झाला, त्यात महाराष्ट्र नव्हता. आमच्याच जुन्या हैदराबाद संस्थानातले गुलबर्गा आणि रायचूर हे शेजारी जिल्हे मात्र त्यात होते, याचे आम्हांस आजही थोडे वैषम्य वाटते. त्या प्रयोगात संशोधक खेड्यांत राहून पाहणाऱ्यांना कसे वाटले ते विचारीत. प्रश्न बहुधा शेती आणि आरोग्याच्या कार्यक्रमांविषयीचे असत, पण खेडुताच्या मताला कागदावर जागा मिळाली ती अशा मोजक्या प्रसंगी.

आमच्या बाजूस दूरदर्शन खऱ्या अर्थाने पोहोचले ते १९८० नंतरच्या दशकात. घरोघर लांब पाइपांवर अँटेना चढल्या, आणि मुलांपैकी एकाने छपरावर उभे राहून "आलं का?" असे ओरडत ती फिरवावी, ही घरकामातील एक नवी वाटणी झाली. आठवड्यातून एक मराठी चित्रपट, एक हिंदी. तेही जुने, कारण नवा चित्रपट घरबसल्या दाखविला तर चित्रपटगृहात कोण जाईल, ही निर्मात्यांची धास्ती. तेव्हा ज्या जुन्या चित्रपटांनी तंबूतून आमच्या आजोबांची गाठ घेतली होती, तेच आता घरात येऊन बसले. फरक एवढाच, की पडद्यावर नाणे फेकावयाची सोय राहिली नाही.

येथे आम्हांस एका खाजगी दस्तऐवजाचा आधार घ्यावयाचा आहे. आमचे वडील हिशेबखात्यातले. १९८७ साली आम्ही अंबडला राहत असताना त्यांनी एका जुन्या खतावणीच्या उरलेल्या पानांवर पाहिलेल्या चित्रपटांची नोंद सुरू केली, आणि ती वही पुढे वसाहतीतल्या घरीही आली. तारीख, चित्रपटाचे नाव, पाहणाऱ्यांची संख्या, आणि शेवटच्या रकान्यात 'उतारा'. साखर कारखान्याच्या माणसांना हा शब्द समजावून सांगावयास नको. शंभर भाग उसापासून साखर किती निघाली तो उतारा. अकराच्या पुढे गेला की समाधान, आठाच्या खाली आला की चौकशी. वडिलांचे म्हणणे असे, की चित्रपट म्हणजे तीन तासांचा ऊस. त्यातून मनात साखर किती उरली एवढेच पाहावयाचे. 'संत तुकाराम', ११.८. 'शेजारी', ११.५. 'श्यामची आई', ११.९, आणि पुढे 'रडण्याचे कापून' असे लिहून ११.१. एका हिंदी चित्रपटापुढे उताराच नाही, नुसते 'बगॅस' लिहिले आहे. त्याचे नाव येथे घेत नाही. त्याचे चाहते सभागृहात असतील.

घरी बसून जुन्या चित्रपटांना गुण देणारे आमचे वडील जगात एकटे नव्हते, हे आम्हांस फार उशिरा कळले. चित्रपटाला तारे देण्याची चाल १९२८ साली न्यूयॉर्कच्या 'डेली न्यूज' या वृत्तपत्रात आयरीन थायरर या बाईंनी पाडली, असे सांगतात. अमेरिकेत दूरचित्रवाणीवर रात्री-अपरात्री जुने चित्रपट लागू लागले, तेव्हा कोणता पाहावा आणि कोणता सोडून झोपावे, हा प्रश्न घरोघर पडला. त्यासाठी लेनर्ड माल्टिन या जेमतेम अठरा वर्षांच्या मुलाने तयार केलेला हजारो चित्रपटांचा गुणकोश १९६९ साली निघाला आणि पुढे २०१४ पर्यंत त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या. इंग्लंडातल्या कॉल नीडहॅम या तरुणाला व्हिडिओवर पाहिलेल्या चित्रपटांची टाचणे ठेवण्याचा नाद होता. १९९० साली त्यातूनच आयएमडीबी हा संगणकावरील जगड्व्याळ कोश उभा राहिला. आज आपल्या नातवंडांना एखादा चित्रपट 'आठ पॉइंट दोन' आहे असे जे ठाऊक असते, त्याचे मूळ एका हौशी माणसाच्या टाचणांत आहे. आमच्या खतावणीला तेवढे भाग्य लाभले नाही. दोष वडिलांचा नव्हे. अंबडच्या पोस्टातून तिला पाठवावयाची कोठे?

पण खतावणीत एक उणीव होती, आणि ती आम्हांस पुष्कळ वर्षे दिसली नाही. पाहणाऱ्यांची संख्या पाच असली तरी उतारा एकाचाच. आमची आई प्रत्येक चित्रपट पाही. पण पाही ती येत-जात. पोळ्या करता करता, मध्यंतरात दूध तापवून, शेवटी येऊन उंबऱ्यावर बसून. तिला कोणी विचारले नाही, आणि तिनेही रकाना मागितला नाही.

दूरदर्शनवर एके दिवशी 'कुंकू' लागला. व्ही. शांतारामांचा १९३७ चा हा बोलपट, ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा. तरुण नीरेचे लग्न मामा फसवून एका वृद्ध विधुराशी लावून देतो, आणि ती त्याला नवरा मानण्याचे साफ नाकारते. शांता आपटे यांची नीरा आणि केशवराव दाते यांचे काकासाहेब. पार्श्वसंगीताचा आधार न घेता घड्याळाचे ठोके, रस्त्यावरचे आवाज यांवर सारा चित्रपट उभा केला आहे; त्या काळी हे धाडसच होते. वडिलांनी वही उघडली आणि लिहिले: ९.४. लांबला. शेवट पटला नाही.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती म्हणाली, "शेवट तुम्हाला पटला नाही, कारण अहो, तुम्ही सगळा सिनेमा म्हाताऱ्याच्या बाजूनं बघितला. ती जे तोंडानं बोलली, ते आमच्या आयांनी नुसतं मनात ठेवलं." आणि ती भांडी आवरावयास गेली.

श्रोतेहो, 'कुंकू'वर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे, त्यातले थोडेफार आम्ही वाचले आहे. पण दारातल्या त्या दोन वाक्यांइतके नेमके आमच्या वाचनात आले नाही. आमच्या मते घरी जुना चित्रपट पाहण्याने एक गोष्ट खचित घडली. तंबूत बायका कनातीपलीकडे होत्या. त्यांचे मत कनातीपलीकडेच राहिले. घरात कनात नव्हती. ऐकणारा असेल तर मत ऐकू येण्याजोगे अंतर होते. ऐकणारा असेल तर, हे मात्र महत्त्वाचे.

आता दुसरी अडचण. आपण गुण देतो ते उरलेल्यांना. जे उरले नाहीत त्यांचे काय? मूकपटांच्या काळात आपल्या देशात तेराशेच्या आसपास चित्रपट निघाले. त्यांपैकी पूर्ण किंवा तुकड्यांच्या रूपाने हाती राहिले ते तीसच्या आसपास. पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ चा. तो आज कोणालाही पाहता येत नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी जन्मभर गावोगाव फिरून रिळे जमविली. अर्देशीर इराणींच्या घरी ते गेले, तेव्हा 'आलम आरा'ची रिळे त्यातील चांदी काढून केव्हाच निकालात काढल्याचे त्यांना कळले. जुन्या फितीत चांदीचा अंश असे, आणि मोडीत तिला भाव होता. शिवाय ती नायट्रेटची फीत ज्वालाग्राही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात अशा फितींच्या कोठाराला आग लागून शेकडो चित्रपटांची रिळे जळाली. दूरचित्रवाणीच्या टेपा जळण्याचीही वाट पाहावी लागली नाही. टेप महाग, म्हणून जुना कार्यक्रम पुसून त्यावर नवा घेत. जे 'गजरा'चे कार्यक्रम पाहून आपण पोट धरून हसलो, त्यांपैकी किती आज कोठे जपून आहेत, याची चौकशी एखाद्या तरुण अभ्यासकाने अवश्य करावी. एवढे खरे, की जे उरले ते चांगले होते म्हणून उरले, असे समजण्याचे कारण नाही. एखाद्या कोठीच्या कोरड्या कोपऱ्यात पडून राहिले म्हणून उरले. घरी बसून उतारा काढणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवले, तर 'जुने ते सोने' म्हणण्यापूर्वी तो क्षणभर थांबेल.

मोजणीचे म्हणाल, तर तीही पुढे शास्त्रोक्त झाली. घरातील संचाला यंत्र जोडून कोणी काय पाहिले ते टिपावयाचे, आणि त्यावरून टीआरपी काढावयाचा. पण ही यंत्रे प्रथम शहरांत लागली. खेड्यांतील घरांचे आकडे नियमाने प्रसिद्ध होऊ लागले ते ऑक्टोबर २०१५ पासून, बार्क या संस्थेमार्फत. तोपर्यंत मराठी वाहिन्यांना सोळा वर्षे होऊन गेली होती. 'अल्फा मराठी' १५ ऑगस्ट १९९९ ची. म्हणजे गळीत हंगामात आमच्या खिडकीबाहेर उभे राहून मालिका पाहणाऱ्या ऊसतोड मजुरांनी काय पसंत केले, ते या हिशेबात कधीच आले नाही. कोप्यांत वीज नव्हती. आई खिडकी उघडी ठेवी आणि आवाज वाढवी. वडिलांनी त्या दिवसांत संख्येच्या रकान्यात 'घरात ५, बाहेर १२' असे लिहिले आहे. टीआरपीच्या कोणत्याही तक्त्यात असा रकाना आम्ही पाहिला नाही.

२५ मार्च २०२० रोजी टाळेबंदी लागली. राज्याचे आरोग्यमंत्री तेव्हा अंकुशरावांचे चिरंजीव राजेश टोपे होते, त्यामुळे रोज सायंकाळी आकडे सांगणारा चेहरा आमच्या भागाला घरचाच होता. २८ मार्चपासून दूरदर्शनने रामानंद सागर यांची १९८७-८८ ची 'रामायण' मालिका पुन्हा दाखविण्यास आरंभ केला. १६ एप्रिलचा भाग ७ कोटी ७० लाख लोकांनी पाहिला, असे दूरदर्शनने जाहीर केले. एवढा मोठा आकडा देशभरातील सुमारे ४४ हजार घरांतल्या यंत्रांवरून आलेला. एक घर सुमारे साडेचार हजार घरांच्या वतीने बोलणारे. त्यावर वादही झाले. आकड्याचे काही असो, देशाने घरी बसून एकाच वेळी एक जुनी मालिका पाहिली, हे मात्र आपण सर्वांनी पाहिले.

वडील २०११ साली गेले होते. आई आणि आम्ही दोघेच घरात. आम्ही माळ्यावरून खतावणी काढली. १९८७ च्या पानावर रविवारची नोंद सापडली: 'रामायण. पाहणारे ३४. चहा दोनदा. समोर डोकी असल्यामुळे नीट दिसले नाही. उतारा नंतर.' तो 'नंतर' पुढे कधी आला नाही; रकाना कोराच आहे.

पाने चाळता चाळता 'कुंकू'चे पान आले. ९.४ वर एक आडवी रेघ होती. शेजारी, दुसऱ्या शाईने, ११.६ असे लिहिलेले, आणि त्यापुढे हिशेबनिसाच्या बारीक अक्षरात: 'दुरुस्ती. घरच्या मताप्रमाणे.' तारीख मूळ नोंदीनंतर तब्बल चार वर्षांची होती. 'कुंकू' मध्यंतरी पुन्हा लागल्याची नोंद वहीत कोठेही नाही. आम्ही पान आईपुढे धरले. तिने चष्मा लावून ते वाचले, वही मिटली आणि आमच्या हाती दिली. संचावर वनवासाची तयारी चालली होती. आम्ही पेन उघडून विचारले, रामायणाचा उतारा किती लिहू?

"आधी संपू दे," आई म्हणाली, "मग सांगते."